खांबाच्या बुंध्याला एक पट्टा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विधिमंडळात ऊर्जा खात्याच्या मागण्या चर्चेला आल्या की वेळ जातो तो स्मार्ट मीटर, सौर कृषिपंप आणि दरवाढ यांच्यावर. कोकणातले आमदार शेवटी उठतात, "आमच्याकडे चार-चार दिवस लाईट नसते" एवढे सांगतात आणि बसतात. म्हणणे खोटे नाही. पण लाईट कशाने जाते आणि ती जाऊ नये म्हणून कोणत्या कलमाखाली कोणी काय बदलायचे, हे त्यात नसते. त्यामुळे "सूचना दिल्या आहेत" एवढ्यावर उत्तर भागते. आमचे म्हणणे असे की किनाऱ्यावरच्या वीजवाहिन्यांसाठी वेगळे बांधकाम-मानक आणि त्याला लागणारा वेगळा निधी, या दोन्ही गोष्टी राज्याने कायद्याने बांधून द्याव्यात. हे का, ते खांबापासूनच सांगतो.

वाडीत लघुदाबाच्या लाईनला जो सिमेंटचा खांब दिसतो तो बहुधा 8 मीटरचा. त्यातला दीड मीटर जमिनीत गेला पाहिजे, वर साडेसहा उरले पाहिजेत. आपल्याकडे सड्यावर हातभर माती आणि खाली जांभा. पहार लागत नाही, ब्रेकर आणायचा तर जनरेटर आला, भाडे आले. ठेकेदाराला पैसे मिळतात खांबाच्या नगावर, खड्ड्याच्या खोलीवर नाही. मग खड्डा मीटरभरावर थांबतो, भोवती दगडगोटे आणि सुटी माती लोटली जाते आणि खांब उभा राहतो. उन्हाळाभर तो हलतही नाही. जुलैत ती भरलेली माती भिजून गाळ होते, वरून तारांची ओढ असतेच, आणि मग वारा निमित्ताला पुरतो. पुळणीत आणि खाजणात खड्डा खणायला सोपा, पण तिथे बुंध्याला काँक्रीट घातले नाही तर खांब वर्षा-दोन वर्षांत कलतो. लोखंडी खांब घातला तर तो खाऱ्या ओलीने नेमका जमिनीच्या रेषेवर खातो. वरचा भाग रंगवून चकचकीत, आणि घोट्याजवळ कागदासारखा पत्रा.

आता खांब पडतात ते रांगेने का, ते पाहा. फणसाची फांदी एका स्पॅनवर, म्हणजे दोन खांबांमधल्या तारेवर पडते. तार तुटली तर एका अर्थी सुटका, कारण ओढ तिथेच संपते. पण तार तुटत नाही. ती दोन्हीकडचे खांब आत ओढते, ते बुंध्यात मोडले की त्यांच्या पुढचे दोन ओढले जातात. यावर उपाय जुना आहे: दर पाच-सहा स्पॅनला कट पॉइंट घ्यायचा. म्हणजे त्या खांबावर तार सरळ पुढे न नेता दोन्ही बाजूंनी ताण-इन्सुलेटर (तारेची ओढ सोसणारे आणि तिची वीज खांबात उतरू न देणारे) लावून तोडायची, झंपरने म्हणजे जोडतारेच्या तुकड्याने जोडायची, आणि त्या खांबाला दोन्ही दिशांना जमिनीत रोवलेल्या तिरक्या ताणतारा द्यायच्या. असे केले की पडझड दोन कट पॉइंटांच्या मध्येच थांबते. अंदाजपत्रकात मात्र कट पॉइंट महाग दिसतो, म्हणून कात्री आधी त्यालाच लागते. ताणतारेला जागा सोडायला बागायतदार तयार नसतो, हेही खरे. कलमांच्या दोन ओळींत तिरकी तार कोणाला हवी?

उंचीचा हिशेबही असाच. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून किमान 5.8 मीटर हवी, उच्चदाबाची 6.1 मीटर. साडेसहातून 5.8 वजा केले तर 70 सेंटीमीटर उरतात. त्यात एकाखाली एक लावलेल्या तारा आणि त्यांचा झोळ बसवायचा. बसत नाही, म्हणून ओलांडणीला 9 मीटरचा खांब लागतो. तो न घालता 8 मीटरवरच भागवले की गवताची गाडी किंवा गणपतीतला उंच मखर घेऊन जाणारा टेम्पो तारेत अडकतो, आणि दोष चालकावर जातो.

दुसरी गोष्ट मिठाची. मृगाच्या पहिल्या भुरभुरीला लाईट जाते, आणि नंतर धो-धो पावसात मात्र टिकते. लोकांना याची मोठी गंमत वाटते, कारण मात्र साधे आहे. दसऱ्यापासून मेपर्यंत समुद्रावरचा खारा वारा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो. सुके मीठ वीज वाहून नेत नाही. भुरभुरीने ते ओले झाले की इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून गळती सुरू होते, ठिणगी पडते आणि सगळा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली अख्खी वाहिनी, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. मोठा पाऊस तो थर धुऊन टाकतो, म्हणून आषाढात हा त्रास कमी. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) साध्या इन्सुलेटरचा पृष्ठमार्ग, म्हणजे तारेपासून पिनेपर्यंत पृष्ठभागावरून मोजलेले अंतर, 230 मिलिमीटर असते. जास्त प्रदूषणाच्या भागासाठी भारतीय मानकातच 320 मिलिमीटरचा इन्सुलेटर दिलेला आहे. कोकणात समुद्रापासून काही किलोमीटरच्या पट्ट्यात दुसराच लागायला हवा. पण खरेदी राज्यासाठी एकगठ्ठा होते, आणि जो माल जालन्याला जातो तोच जयगडला येतो.

तारेचेही तसेच. नेहमीच्या तारेत मधे जस्त चढवलेला पोलादी गाभा आणि भोवती ॲल्युमिनियमचे पेड असतात. खारी ओल आत शिरली की आधी जस्त जाते, मग पोलाद गंजून फुगते. खालून पाहणाऱ्याला तार ठणठणीत दिसते आणि एक दिवस ती स्वतःच्याच वजनाने तुटते. सगळी ॲल्युमिनियम मिश्रधातूची तार असते, तिच्यात पोलाद नाही. 'रॅबिट' नावाच्या नेहमीच्या पोलादी गाभ्याच्या तारेच्या जागी 55 चौरस मिलिमीटरची मिश्रधातूची तार चालते. वाड्यांतून उघड्या तारांऐवजी वेटोळी केबल, म्हणजे आवरण असलेल्या आणि एकत्र पिळलेल्या तारा, घेतली तर नारळाची झावळ पडूनही पुरवठा टिकतो. मात्र या केबलच्या जोडांना टेप गुंडाळून भागत नाही. टोचून बसणारे बंद कनेक्टर लागतात. ते नसले की पाणी आत जाते आणि केबल जोडावर जळते.

अर्थिंग हा तर सगळ्यांत दुर्लक्षित भाग. डीपीला, म्हणजे वाडीतल्या ट्रान्सफॉर्मरला, तीन वेगळे अर्थिंग लागतात: एक न्यूट्रलला, एक तडित-रोधकाला, एक ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला. जांभा उन्हाळ्यात कोरडाठाक होतो आणि जमिनीचा रोध चढतो. जी डीपी ऑगस्टमध्ये 5 ओहमच्या आत असते ती एप्रिलमध्ये त्याच्या कितीतरी वर जाऊ शकते. नेमक्या त्याच महिन्यांत वळवाच्या विजा. रोधकाला विजेचा प्रवाह जमिनीत उतरवायला वाट मिळत नाही आणि ट्रान्सफॉर्मर जातो. त्यातून डीपीजवळ न्यूट्रल तुटला तर एका घरात 150 व्होल्ट आणि शेजारच्या घरात 300 च्या वर, असा प्रकार होतो. फ्रीज, टीव्ही, पंप एका झटक्यात. मोजणी पावसाळ्यात केली तर कागद नेहमीच चांगला दिसतो, म्हणून ती एप्रिलमध्येच झाली पाहिजे. मीठ-कोळशाचा खड्डा दर उन्हाळ्यात पाणी मागतो. ते घालायला माणूस नसेल तर ओल धरणारी बेंटोनाइट माती भरावी, आणि कातळात खोल छिद्र पाडून नळी सोडावी.

हे सगळे दुरुस्त करायला वायरमन म्हणजे जनमित्र काही कमी राबत नाहीत. भर पावसात, रात्री, बॅटरीच्या उजेडात त्यांना फॉल्ट शोधायचा असतो. पद्धत अशी की लाईन मधे तोडायची, अर्धी चार्ज करून बघायची, टिकली तर उरलेली अर्धी पुन्हा तोडायची. त्यासाठी वाटेत चालते एबी स्विच, म्हणजे खांबावरून लाईन तोडायचे-जोडायचे स्विच, लागतात. खाऱ्या हवेत त्यांची पाती गंजून बसतात, मग कोणीतरी तात्पुरता झंपर मारतो आणि तो तात्पुरता झंपर पाच वर्षे राहतो. स्विच चालत नाही म्हणजे खालच्या वाडीतल्या एका फुटक्या इन्सुलेटरसाठी वरची दहा गावे काळोखात. ट्रिपचा प्रवाह जिथून गेला ते दाखवणारा लुकलुकता दर्शक तारेवर टांगता येतो. असे दर्शक फाट्या-फाट्यावर लावले तर निम्मी पायपीट वाचेल.

मग हे होत का नाही? कारण पैसा कोणत्या निकषावर मिळतो ते पाहावे लागेल. केंद्राची 2021 ची सुधारित वितरण क्षेत्र योजना 3,03,758 कोटींची. तिचे घोषित लक्ष्य होते देशभरातली तांत्रिक आणि वाणिज्यिक गळती 12 ते 15 टक्क्यांवर आणणे. जिथे चोरी जास्त आणि वसुली कमी, तिथे या निकषावर काम दाखवता येते. कोकणात आकडे टाकायची रीत नाही आणि बिल थकले तर माणसाला झोप लागत नाही. गळतीच्या तक्त्यात आपण पास, म्हणून निधीच्या तक्त्यात मागे. त्यात ग्राहक विखुरलेले, एका वाडीत 20 घरे, त्यांतली निम्मी चाकरमान्यांची आणि शिमगा-गणपती सोडून बंद. किलोमीटरमागे युनिट कमी खपते, मग गुंतवणूक परत येत नाही असा शेरा. गंमत म्हणजे पोफळीच्या डोंगरात कोयनेची वीज आपल्या चिपळूण तालुक्यात तयार होते, जयगडला 1,200 मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आहे, आणि त्यांचे मनोरे ज्यांच्या डोक्यावरून जातात त्यांना मेणबत्तीचे बंडल घरात ठेवावे लागते.

आता कायद्याकडे. वीज हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीतला 38 वा विषय. 2003 चा विद्युत कायदा केंद्राचा आहे. त्याच्याशी विसंगत कायदा राज्याने केला तर अनुच्छेद 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. म्हणून "केंद्राचा विषय आहे" असे सांगून हात झटकायची पद्धत पडली आहे. पण विजेच्या वापरावरचा आणि विक्रीवरचा कर राज्य सूचीतला आहे, नोंद 53. महाराष्ट्र विद्युत शुल्क कायदा 2016 याच नोंदीवर उभा आहे. घरगुती बिलावर जे 16 टक्के वीज शुल्क लागते ते त्यातूनच. ते वितरण कंपनीकडे राहत नाही, शासनाच्या तिजोरीत जाते. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून जमणाऱ्या शुल्काचा ठरावीक हिस्सा किनारी वीजजाल मजबुतीसाठीच वापरला जाईल, अशी दुरुस्ती या कायद्यात करायला केंद्राची संमती लागत नाही. तिला विधिमंडळातले साधे बहुमत पुरते. हिस्सा किती, यावर वाद घालू. निधी दुरुस्तीला वापरता येणार नाही, एवढे मात्र त्यात स्पष्ट लिहावे. नाहीतर पहिल्याच वादळात तो संपेल आणि पुन्हा तेच खांब त्याच उथळ खड्ड्यांत उभे राहतील.

मानकांसाठी दुसरी वाट आहे. विद्युत कायद्याच्या कलम 108 प्रमाणे राज्य सरकार लोकहिताच्या धोरणविषयक बाबींवर वीज नियामक आयोगाला निर्देश देऊ शकते. परवान्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार आयोगाला कलम 16 खाली आहे. शासनाने "भरतीरेषेपासून अमुक किलोमीटरचा पट्टा हा किनारी क्षेत्र" असे ठरवून निर्देश द्यावा. त्या क्षेत्रात 320 मिलिमीटरचे इन्सुलेटर, मिश्रधातूची तार, पाच-सहा स्पॅनला कट पॉइंट, एप्रिलमधली अर्थिंग-मोजणी या अटी आयोगाने घालाव्यात. त्या पाळल्या जातात का हे बघायला विद्युत निरीक्षक आहेतच. ते वितरण कंपनीचे नसून शासनाचे अधिकारी आहेत. त्यांचा मान्सूनपूर्व अहवाल फीडरनिहाय ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला तरी पुष्कळ काम होईल.

झाडांबाबत तर नवा कायदाही नको. कलम 68(5) म्हणते की लाईनला अडथळा करणारे झाड कार्यकारी दंडाधिकारी, किंवा शासन नेमेल तो प्राधिकारी, परवानाधारकाच्या अर्जावरून काढायला लावू शकतो. 68(6) प्रमाणे झाड लाईनच्या आधीपासून असेल तर मालकाला भरपाई देववता येते. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, पण मे महिन्यात त्यांना दुसरी शंभर कामे. शासनाने तालुका कृषी अधिकाऱ्याला या कामासाठी प्राधिकारी नेमावे. त्याला झाड कळते. आज छाटणी सरसकट मेमध्ये काढतात, आणि बागायतदार काठी घेऊन उभा राहतो, कारण हापूस झाडावर असतो. कलमाची छाटणी काढणी संपल्यावर लगेच व्हावी, पाऊस लागायच्या आत. रायवळ, फणस, अकेशिया आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडे मात्र मार्च-एप्रिलमध्येच उरकावीत. नारळाला छाटणी नाही. त्याचा शेंडा तोडला की झाड गेले. तिथे एकतर लाईन हलवायची किंवा वेटोळी केबल टाकायची, आणि दर वर्षी झावळ्या उतरवण्याची मजुरी कंपनीने द्यायची.

भूमिगत केबलचे नाव काढले की सभेत टाळ्या पडतात. अलिबागमध्ये राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून ते काम झाले, आणि दाट वस्तीच्या गावठाणात ते योग्यच. पण ते सगळीकडे चालेल असे मानणाऱ्यांनी खर्च बघावा. 11 केव्हीची केबल 90 सेंटीमीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी, आणि हे सगळे जांभा फोडून करायचे. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसत नाही, शोधायला यंत्राची गाडी यावी लागते. दहातले बरेच बिघाड जोडावर होतात, म्हणजे जोड करणाऱ्याच्या हातात सगळे. आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात कुठवर चढले होते ते ज्यांनी पाहिले, त्यांनी रिंग मेन युनिटचा, म्हणजे भूमिगत केबलच्या स्विचपेटीचा, चौथरा त्या खुणेच्या वर बांधला जातो की नाही हे स्वतः उभे राहून बघावे.

छपरावरच्या सौर पॅनेलबद्दल एक खुलासा करायलाच हवा, कारण पुष्कळ जण फसतात. केंद्राच्या योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळते, ते घ्यावेच. पण ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतः बंद पडतो. तो तसा पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या जनमित्राला तुमच्या छपरावरून झटका बसेल. वादळानंतर लख्ख ऊन पडलेले असताना घरात अंधार, हे त्यामुळे. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असला तरच उपयोग. निदान प्राथमिक आरोग्य केंद्रे, पाणीपुरवठ्याचे पंप आणि वादळातल्या निवारा-शाळा यांना अशी जोडणी सक्तीची करावी.

राहिला मोजदादीचा प्रश्न. पुरवठ्याच्या विश्वसनीयतेचे निर्देशांक 11, 22 आणि 33 केव्ही फीडरवरच्या खंडावरून काढले जातात. फीडर चालू आणि वाडीतली डीपी चार दिवस बंद, तर तक्त्यात तुम्ही उजेडात आहात. स्मार्ट मीटरचा खरा उपयोग इथे आहे. वीज गेल्याचा शेवटचा संदेश तो पाठवतो, म्हणजे कोणते घर किती तास बंद होते हे कोणी न सांगता कळते. खोलगट भागात रेंज नसते, तिथे डीपीवर एक नोंदणी-मीटर पुरेल. केंद्राच्या ग्राहक हक्क नियम 2020 मध्ये भरपाई आपोआप बिलात वळती करण्याची तरतूद आहे, पण वेळच मोजली नाही तर वळते काय करणार? त्यातही चक्रीवादळ, पूर, वीज पडणे यांत भरपाईला सूट आहे. सूट असावी. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीत जे झाले ते कोणत्याही कंपनीला एका दिवसात निस्तरणारे नव्हते. पण सुटीला शेवट हवा. रस्ता मोकळा झाल्याची नोंद तहसीलदार करतात, त्या नोंदीपासून घड्याळ सुरू व्हावे. आणि 1 जूनपूर्वी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी खांब, तार आणि दोन-चार राखीव ट्रान्सफॉर्मर ठेवण्याची अट असावी. घाट बंद पडल्यावर कोल्हापुराहून 8 मीटरचा खांब येत नाही.

तोवर ग्राहकांनी एवढे करावे. लाईट गेली की 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. वायरमनच्या मोबाईलवर केलेला फोन कुठेच नोंदला जात नाही. आणि गावात नवे खांब आले की ते उभे करण्याआधी, आडवे असतानाच, बुंध्यापासून दोन मीटरवर रंगाचा एक पट्टा मारायला ठेकेदाराला सांगा. खांब उभा राहिल्यावर पट्टा जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे गुडघ्याशी दिसला पाहिजे. कमरेशी दिसला तर खड्डा मीटरभरच आहे. तारा चढायच्या आत शाखा अभियंत्याला लेखी कळवा, एकदा तारा चढल्या की खांबाजवळ जाऊ नका. आयोगाने किनारी क्षेत्राच्या अटी काढल्या तर त्यातली पहिली अट या पट्ट्याची असावी.

कळावे,
परवानाधारक विद्युत ठेकेदार व निवृत्त वीज कर्मचारी,
गुहागर-दापोली